दोन फितींचं घोंगडं

ता. १८ फेब्रुवारी १९४४

ज्यांचं नाव पाकिटावर लिहिलं आहे त्यांस, हरणाबाईचा नमस्कार.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं, पण लिहायला कुणाची बंदी आहे, असं मी तुमच्या दगडाआत्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, बोललं काय आन् लिवलं काय, यकच. मग पाकीट तुम्ही लिहा म्हटलं, तर सूप घेऊन पाखडायला बसल्या. तेव्हा अक्षर मीच काढलं. नाईक बिराप्पा भाऊसो. त्यातला 'नाईक' मी दोनदा गिरवला आहे, टपालवाल्याला लांबून दिसावा म्हणून.

तुमचं पत्र परवा आलं. आटपाडीचा टपालवाला ओढ्यापलीकडूनच ओरडत आला, म्हणून अख्खी वाडी गोळा झाली. तुमचे आबा, म्हणजे माझे मामंजी, डालग्याखाली कोकरं झाकत होते. हात तसेच घेऊन आले आणि म्हणाले, वाच. मी वाचलं की तुम्ही नाईक झालात, तुमच्या बाहीवर आता दोन फिती लागल्या, दहा माणसं तुमच्या हाताखाली आली आणि गोऱ्यांच्या पलटणीत याच हुद्द्याला कॉर्पोरल म्हणतात. मामंजींनी तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "धा माणसं त्येच्या सांगण्यावर उठत्यात, बसत्यात?" मी हो म्हटलं. मग म्हणाले, "मेंढराचं समजतं मला. माणसाला कसं वळवलं त्येनं?"

मी हसले. ते मात्र हसत नव्हते. त्यांनी डोळे पुसले आणि मग मला ती गोष्ट सांगितली, जी तुम्ही दोघांनी आजवर माझ्यापासून लपवून ठेवलीत. भरतीला तुम्ही साताऱ्याला गेलात तेव्हा मामंजीही सोबत होते. तिथल्या कुणा कारकुनाने तुमचा धंदा विचारला आणि म्हणाला, मेंढका काय लढणार, वाटेत कळप दिसला की जाशील त्याच्या मागं. सगळी रांग हसली. तुम्ही मान खाली घातलीत. मामंजी म्हणतात, तुमची खाली गेलेली मान त्यांनी इतकी वर्षं काळजात धरून ठेवली होती. परवा ते देवळात गेले, बिरोबाच्या पायरीवर भंडारा ठेवला आणि देवाला मोठ्याने सांगितलं की त्या कारकुनाला कळव. आता देव साताऱ्याला जाऊन कुणाकुणाला कळवणार ते त्याचं तो बघेल.

गूळ वाटला. आमच्या घराला लोक नाईकाचं घर म्हणायला लागले आहेत. नाईकाच्या बायकोला काय म्हणायचं यावरही विहिरीवर खल झाला. जो शब्द निघाला तो मी इथे लिहीत नाही, कळशी उगारून सगळ्यांना पळवून लावलं एवढं सांगते.

तुम्ही म्हणाल, बोलताना ही 'न्हाई' म्हणते आणि लिहिताना 'नाही' कशी. औंध संस्थानच्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले, तिथे सूर्यनमस्कार आणि शुद्ध लिहिणं या दोन गोष्टी छडीने शिकवल्या. नमस्कार विसरले, हे राहिलं. तुमची पत्रं म्हणे मधे साहेब लोक उघडून वाचतात. वाचू देत. त्यांनाही कळेल की नाईकाच्या घरी वाट बघणारं माणूस आहे. थंडी फार लिहिता, तर जपा. बनी उभी राहायला लागली आहे.

तुमची,
हरणा


ता. ९ ऑक्टोबर १९४४

बनीच्या बापास, नमस्कार.

आता मला हाक मारायला एक नाव मिळालं, बनीचा बाप. देवीने मुलगी देऊन माझी सोय केली.

तुमचा फोटो पोचला. तो मी कपाळापाशी धरला, मग छातीशी, मग आत्यांनी हिसकावून घेतला. तुम्ही वाळलात. टोपीमुळे कान मोठे दिसतात. बाहीवरच्या दोन फिती मात्र झकास उठून दिसतात. फोटो देव्हाऱ्याच्या बाजूला लावला आहे आणि सकाळी बनीला त्याच्यापुढे नेते. तो कोण, असं विचारलं की ती बोट दाखवून म्हणते, "नाईक." बाप म्हणायला शिकवलं, म्हणत नाही. बापाचं नावच नाईक आहे अशी तिची समजूत झाली आहे. आल्यावर तुम्हीच काय ते समजावा.

आता मुख्य गोष्ट. मामंजींनी तुमच्यासाठी घोंगडं केलं. गेलं वर्षभर मेंढरांमागे चालताना ते चातीवर लोकर कातत होते, मला वाटायचं बाजारासाठी असेल. सगळी काळी लोकर, एकसारखी, बोटाने चाचपून निवडलेली. विणायला आटपाडीच्या जोतीराम सनगराकडे दिली आणि त्याला सांगितलं की एका कोपऱ्यात माझ्या लेकाच्या फिती काढ. जोतीराम म्हणाला, मागावर सरळ पट्टा निघतो, तिरका निघत नाही. दोघांचं चांगलंच वाजलं. शेवटी मामंजी घोंगडं घेऊन घरी आले, आपल्या चांदी मेंढीची पांढरी लोकर कातली आणि दाभण घेऊन स्वतःच शिवायला बसले. तुमचा फोटो समोर ठेवून.

फोटोत फितींचं टोक खाली आहे. मामंजींनी ते वर केलं. मी म्हटलं, उलटं झालं. तर म्हणतात, टोक खाली असलं की गळून जातं, देवळाच्या शिखराचं टोक कधी खाली बघितलंस का? सरकारची चूक त्यांनी दुरुस्त केली आहे, तुम्ही बोलू नका.

वाडीत त्यांनी सांगून ठेवलं आहे की तुम्ही परत आलात की बिरोबाच्या देवळापुढे हे घोंगडं अंथरायचं, त्यावर तुम्हाला बसवायचं आणि आधी थोरांनी, मग पोरांनी तुमच्या कपाळी भंडारा लावायचा. तोवर त्यावर कुणी बसायचं नाही. पाहुणा आला तरी नाही. काल बनी त्यावर जाऊन मुतली, तेवढी सूट तिला दिली. वलणीवर वाळत घातलं आहे आणि येणारा जाणारा बघून जातो.

माझं काय विचाराल तर मला घोंगड्याचंही कौतुक नाही आणि फितींचंही. मला ते घोंगडं अंथरलेलं आणि त्यावर बसलेला माणूस बघायचा आहे. त्यातलं एक तयार आहे. दुसरं लवकर पाठवा.

तुमची,
हरणा


ता. २२ जून १९४५

बनीच्या बापास, नमस्कार.

तिकडची, इटलीतली लढाई संपली असं आटपाडीच्या चावडीवर वाचून दाखवलं. आत्यांनी पाच नारळ बोलले होते, ते फोडले. एक खवट निघाला, त्यावर दोन दिवस त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मी म्हटलं, लढाईच एवढी खवट होती, नारळाचं काय घेऊन बसलात.

तुमचं पत्र आलं, पण पत्र कसलं, चार ओळी. मी बरा आहे, तुम्ही बरं असावं, आबांना नमस्कार, बनीस आशीर्वाद. हे तर टपालवाल्यानेही लिहिलं असतं. पूर्वी तुम्ही लिहायचात की सेक्शनमधला अमका घोरतो, तमका रोज बायकोच्या नावाने रडतो आणि मी सगळ्यांना कसा दामटतो. आता त्या दहा माणसांचं नावच नाही. मामंजी विचारतात, त्येची मानसं बरी हायत का? मी काय सांगू? मीच मनाने सांगते की सगळे बरे आहेत, घोरणारा अजून घोरतो.

आणि शेवटी ती एक ओळ: "यापुढे पाकिटावर नाईक लिहू नकोस, नुसतं नाव लिही." का ते लिहिलं नाहीत. हुद्दा वाढला असता तर हवालदार लिही म्हणाला असतात, एवढं मला कळतं. मी ती ओळ मामंजींना वाचून दाखवली नाही. वाचता वाचता उडी मारून पुढच्या ओळीवर गेले. त्यांना वाचता येत नाही याचा मी पहिल्यांदा फायदा घेतला आणि मला बरं वाटलं नाही.

काय झालं असेल ते असो. तुमचे हातपाय धड आहेत ना, एवढंच मला लिहा. फितीशी मी लग्न लावलं नव्हतं. हळद लागली तेव्हा तुमच्या अंगावर बंडी होती आणि तीही चुलतभावाची.

या पाकिटावर मात्र मी नाईकच लिहिलं आहे. पाकीट मामंजींच्या हातून टपालात जातं. अक्षर येत नसलं तरी त्या पहिल्या शब्दाचा आकार त्यांना पाठ झाला आहे, तो नसता तर त्यांनी ओळखलं असतं.

तुमची,
हरणा


ता. ११ एप्रिल १९४६

सांगलीकरांस,

नमस्कार लिहावा की नाही याचा विचार करते आहे. बरं, लिहिला.

इटली लांब होती म्हणतात. समुद्र, आगबोट, मधे आणखी काय काय. तिथून महिन्या दोन महिन्यांनी का होईना, पत्र यायचं. सांगली तर सर्व्हिस मोटारीने एका दिवसाची वाट. तिथून मात्र तीन महिन्यांत एक कार्ड, आणि माणूस नाहीच. तुमचं नाव पलटणीतून कमी झालं, तुम्ही सांगलीशेजारी हरिपूरला हळदीच्या पेवांवर पहारेकरी म्हणून राहिलात, कामातून सवड नाही. बरोबर वाचलं ना मी? जमिनीखालच्या त्या पेवांमधली हळद कुठे पळून जाणार आहे? ती वर्ष वर्ष तिथे निवांत पडून असते असं ऐकलं. ती तुमच्यावाचून राहील. इथली माणसं राहत नाहीत.

तुम्ही साऱ्या मुलखाचा भंडारा राखत बसलात आणि इथे बिरोबाची जत्रा तुमच्याशिवाय झाली. मामंजी मोटारीच्या थांब्यावर जाऊन बसायचे. मोटार आली की उठायचे, गेली की बसायचे. त्यांच्या हाताला आता कंप आला आहे, गुडघे धरतात. घोंगडं त्यांनी जत्रेच्या दिवशी बाहेर काढलं, झटकलं आणि परत वलणीवर टाकलं. पोरं ढोल वाजवत होती, त्यांना म्हणाले, वाजवा की, त्येच्यापायी देवाचं कशाला अडवता. मग घरात येऊन भिंतीकडे तोंड करून निजले.

वाडीत बोलतात. कुणी म्हणतं तुम्ही तिकडे मेम केली. कुणी म्हणतं अंगाला काही झालं. मी सगळ्यांना एकच सांगते, त्यांना यायचं तेव्हा येतील. पण बनीला काय सांगू? ती आता चुरूचुरू बोलते. परवा मला विचारते, "नाईक फोटोतनं कवा उतरायचा?"

मी रागावले आहे हे खरं. पण तुम्ही समजता तशी नाही. तुम्हाला काहीतरी खुपतं आहे आणि ते तुम्ही एकटेच घेऊन बसलात, याचा राग आहे. लग्नात आपल्या दोघांवर एकच शेला टाकला होता. आता एकट्याने काय पांघरून बसलात?

यायला जमत नसेल तर मी येते. हरिपूरला संगम आहे, देऊळ आहे, देवाला आले असं सांगेन. पहारेकऱ्याला बघायला आले असं कुणाला सांगणार नाही.

हरणा


ता. ३ जून १९४६

बनीच्या बापास,

आज मी पायरीपायरीने लिहिणार आहे, कारण मधलं काही सुटता कामा नये.

काल दुपारी दारात बैलगाडी थांबली. एक माणूस उतरला, एक पाय लाकडाचा, काखेत कुबडी. नाईकाचं घर हेच का म्हणाला. विट्याकडचा कोंडीबा. तुमच्याच सेक्शनमधला, ज्याच्या घोरण्याबद्दल तुम्ही लिहायचात तोच. हे मी त्याला बोलून दाखवलं आणि तो इतका हसला की आमची ओळख तिथेच झाली.

मामंजींनी त्याला पाणी दिलं, पायाकडे बघून काही विचारलं नाही. मग वलणीवरचं घोंगडं दाखवलं. फिती दाखवल्या. म्हणाले, यावर त्याला बसवायचं आहे, तो आला की तुम्हीही या. कोंडीबा त्या पांढऱ्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिला. मग सहज बोलून गेला, "पर ती फीत तर त्येची काढून घेतली की. तुमास्नी न्हाई सांगितलं?"

मी मामंजींकडे बघितलं, मामंजींनी माझ्याकडे. तेव्हा त्याला कळलं की आपण काय बोललो. उठून जायला लागला. मामंजींनी त्याचा हात धरून खाली बसवलं आणि म्हणाले, सांगा.

त्याने जे सांगितलं ते असं. गेल्या वर्षी मार्चमध्ये तुमचं सेक्शन एका डोंगरावर पडक्या दगडी घरात होतं. खालून जाणाऱ्या रस्त्यावर नजर ठेवायची आणि जागा सोडायची नाही, असा तुम्हाला हुकूम. उतारावर खाली एक म्हातारी राहायची, लढाईतून वाचलेली तिची चारसहा मेंढरं. सकाळपासून एक मेंढी ओरडत होती. कोंडीबा म्हणाला, आम्हाला तो नुसता आवाज होता, ह्याला मात्र बसवेना. एक फेरी मारायचा, कान द्यायचा, परत यायचा. दुपार कलली तसा तो आवाज बारीक झाला. तेव्हा तुम्ही बंदूक कोंडीबाकडे दिलीत, सेक्शन सांभाळ म्हणालात, आणि उतारावरून खाली गेलात.

आणि नेमका तेव्हाच साहेब आला. नाईक कुठे आहे म्हणून विचारलं. कोंडीबाने पाणी आणायला गेला म्हणून थाप मारली. बराच वेळ गेला. मग तुम्ही वर आलात, कोपरापर्यंत हात रक्ताने माखलेले, बाह्या वर सारलेल्या, फिती त्या गुंडाळलेल्या बाहीत दडलेल्या. साहेबाला वाटलं जखमी झाला. कुठे लागलं म्हणून तो घाबरून पुढे झाला. आणि तुम्ही सांगितलंत, साहेब, मेंढी अडली होती.

कोंडीबा म्हणाला, "आमी समदे हसलो. सायेब न्हाई हसला. त्येचंबी बरूबर व्हतं. त्या टायमाला रस्त्यानं कोण आलं असतं तर आमी गेलो असतो. नाईकबी त्येच बोलला, सायेबाचं बरूबर हाय. दुसऱ्या दिवशी समद्यांम्होरं फिती काढल्या. त्यो शिपाई झाला."

मग त्याने आपल्या पायाची गोष्ट सांगितली. महिन्याभराने सुरुंगावर पाय पडला. तुम्ही त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा टाकून, आजारी मेंढी आणतात तसा, दवाखान्याच्या गाडीपर्यंत नेलंत. "मला न्हेलं त्येच्या बाहीला तवा काय बी नव्हतं," तो म्हणाला. "पर मी त्येला नाईकच म्हन्तो. दुसऱ्या कुणाला म्हनवत न्हाई."

मी पदर तोंडाला लावून रडले. तुम्ही तो कारकून किती वर्षं मानेवर घेऊन फिरत होतात ते मला तेव्हा कळलं. कळप दिसला की जाशील त्याच्या मागं, असं तो म्हणाला होता आणि तुम्ही तसेच गेलात. हे कुणाला कसं सांगायचं, म्हणून तुम्ही सांगलीला अडकून पडलात. खरं ना? लढाईत पळालो असं सांगणं तुम्हाला याहून सोपं गेलं असतं.

आता मामंजींचं. कोंडीबा जेवला, गाडीत बसून गेला. मग मामंजींनी घोंगडं वलणीवरून काढलं आणि वाघरीच्या जाळीपाशी, मेंढरांच्या शेजारी जाऊन बसले. मी भाकरी थापत होते. बघते तर त्यांच्या हातात दाभण. मला वाटलं, ते फिती उसवत आहेत. पीठ भरल्या हाताने धावत गेले. एक टाका सैल झाला होता. तो ओढून घट्ट करत होते. हात कापतो म्हणून पुन्हा पुन्हा चुकत होतं. मी दाभण घेतलं आणि तो टाका मी घातला.

ते म्हणाले, "कारकून खरं बोलला व्हता." आणि हसले. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होते. मग एकदम थांबले आणि मला विचारलं, "कोकरू जगलं का?"

मला काय माहीत? कोंडीबाही खाली उतरला नव्हता. मी तसं सांगितलं. तर मामंजी चिडले. "त्या सायबानं समदं इचारलं आन् ह्येच न्हाई इचारलं व्हय?"

काल रात्रीपासून त्यांचा तोच घोष चालला आहे. कोकरू जगलं का. याचं उत्तर इटलीतल्या त्या म्हातारीजवळ आहे, नाहीतर हरिपूरच्या पहारेकऱ्याजवळ. म्हातारीचा पत्ता मला ठाऊक नाही.

तुमची,
हरणा


ता. १९ जून १९४६

बिराप्पा,

दचकलात ना? नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं म्हणतात. तुमचं आयुष्य असं लांब राहून वाढणार असेल तर माझ्या उपयोगाचं नाही. म्हणून घेतलं. मोठ्याने घेऊनही बघितलं, मेंढरांपुढे. चांदीने मान वर केली. तिला तुम्ही आठवता.

तुमचं कार्ड आलं. आबांपुढे कोणत्या तोंडाने येऊ, असं लिहिलंत. आहे त्याच तोंडाने या. दुसरं कुठून आणणार? मी ते कार्ड या वेळी उडी न मारता सगळं वाचून दाखवलं. मामंजींनी ऐकलं आणि विचारलं, कोकराचं काय लिवलंय? काही नाही म्हटलं. म्हणाले, मग ह्ये कसलं कार्ड.

पाकिटाचंही त्यांनीच ठरवलं. "आता नाईक लिवू नगंस. त्येला लाज वाटती तर नगं. बिराप्पा भाऊसो धनगर लिव्ह. त्यो शब्द माझा हाय, त्यो कुनी काढून घेत न्हाई." म्हणून या वेळी पाकिटावर तसंच लिहिलं आहे. बनीला सध्या 'बा' म्हणायला शिकवते. फोटोला अजून नाईकच म्हणते. म्हणते तर म्हणू दे, तुमच्या त्या कोंडीबासारखी तीही हट्टी आहे.

वाडीला मामंजींनी स्वतः सांगितलं. देवळापुढे बसून, सगळ्यांदेखत. मला भीती होती की लोक हसतील. दोघे चौघे हसलेही. तेव्हा दगडाआत्या उठल्या आणि त्यांनी एकच विचारलं, "तुज्यासमोर मेंढी अडली असती तर तू गेला असतास का बसला असतास?" त्यावर कुणी हसलं नाही. ही माणसं मेंढरांची आहेत हो. सातारच्या कारकुनाला जे हसू आलं ते इथे कुणाला येत नाही, हे तुम्ही इतकी वर्षं बाहेर राहून विसरलात काय?

घोंगडं तयार आहे. फिती आहेत तशाच आहेत, टोक वर करून. मामंजी म्हणतात, या सरकारने लावलेल्या नाहीत, त्यामुळे सरकारला काढता येणार नाहीत.

आणखी एक. चांदी गाभण आहे, म्हातारपणी. दिवस भरत आले. तिचं पोट एका बाजूला कललं आहे. मामंजी रोज हात लावून बघतात आणि म्हणतात, लक्षण बरं नाही, आडवं असावं. पूर्वी असं असलं की ते स्वतःच हात घालून सरळ करायचे. आता बोटं आखडली, हात थरथरतो. काल मला म्हणाले, "माझा हात आता चालत न्हाई. त्येला माझाच हात हाय." बस्स, एवढंच म्हणाले.

मी तुम्हाला ये म्हणत नाही. मी फार वेळा म्हणून झाले. चांदीचं काय ते कळवलं.

हरणा


(कार्ड)
हरिपूर, ता. २३ जून १९४६

हरणास,

आबांना सांग, दोन होती. पहिलं सरळ आलं. दुसरं आडवं होतं, मान मागे मुरडलेली, म्हणून वेळ लागला. म्हातारीने दिव्यातलं तेल दिलं, ते हाताला लावून फिरवलं. दोन्ही जगली. मी वर यायला निघालो तेव्हा उभी राहून पीत होती. साहेबाला हे सांगायचं मनात होतं, पण त्याने विचारलं नाही.

इथलं काम सोडलं. मिळेल त्या मोटारीने निघतो. चांदीला कळा सुरू झाल्या तर आबांना म्हणावं, ओढू नका, मी येतोय.

बिराप्पा